यॉर्क, पेनसिल्व्हेनिया: ‘पहिली राजधानी’ हा उल्लेख कितपत ग्राह्य धरावा?

कोनशिला (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मागील महिन्यात आम्ही न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियातील यॉर्क या शहरी एक दिवस जाऊन आलो. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज सैन्याने फिलाडेल्फिया घेतल्यावर काँटिनेंटल काँग्रेस, म्हणजे तेरा राज्यांच्या प्रतिनिधींची सभा, ३० सप्टेंबर १७७७ पासून २७ जून १७७८ पर्यंत येथे भरत होती, एवढे मला वाचनातून ठाऊक होते. गावातील मुख्य चौकात, ज्याला आता काँटिनेंटल स्क्वेअर म्हणतात, उभे राहिले असता येथे न्यायालयाची इमारत होती आणि तेथेच काँग्रेस बसत असे, असे कळते. परंतु चौकात इमारत नाही. तेथून काही मिनिटे चालत गेल्यावर कोडोरस ओढ्याच्या काठी विटांची एक सुबक इमारत लागते आणि हेच ते न्यायालय असे पाहणाऱ्याला वाटते. शिवाय शहरात जागोजागी यॉर्क ही अमेरिकेची ‘पहिली राजधानी’ असल्याचे लिहिलेले आढळते.

आमच्या मराठी शाळेतील मुलांसाठी मी या सहलीचे दोन पानांचे टिपण तयार करीत आहे. छायाचित्रांखाली एकेक ओळ लिहायची आहे आणि तेथेच माझी लेखणी अडली आहे. चौकाच्या छायाचित्राखाली ‘काँग्रेस येथे भरत असे’ असे लिहावे, की ओढ्याकाठच्या इमारतीच्या छायाचित्राखाली? ‘पहिली राजधानी’ हा उल्लेख जसाच्या तसा घ्यावा काय? आणि ‘काँटिनेंटल काँग्रेस’ला मराठीत ‘संसद’ म्हटले तर ते योग्य ठरेल काय? मुले नऊ ते तेरा वर्षांची आहेत. त्यांच्या हाती चुकीची ओळ पडू नये, एवढीच इच्छा आहे.

नदीपलीकडे

नमस्कार. मी गेली वीस वर्षे यॉर्क परगण्यात राहते आणि पाहुणे आले की त्यांना या चौकात नेण्याचा माझा शिरस्ता आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

मूळ न्यायालय १७५४ ते १७५६ या काळात चौकाच्या अगदी मध्यभागी बांधले गेले. काँग्रेस तेथेच बसली. ती इमारत १८४१ साली पाडण्यात आली. ओढ्याकाठी आपण पाहिलेली इमारत ही स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त १९७६ साली उभारलेली प्रतिकृती आहे आणि ती मूळ जागेवर नाही, कारण मूळ जागा आज भर रहदारीचा चौक आहे. म्हणून ‘येथे काँग्रेस भरत असे’ ही ओळ चौकाच्या छायाचित्राखालीच जाईल. प्रतिकृतीच्या छायाचित्राखाली ती प्रतिकृती असल्याचे वर्षासह लिहावे. तिच्या शेजारची दोन घरे मात्र खरोखर जुनी आहेत: १७४१ चे लाकडी चौकटीचे गोल्डन प्लाऊ टॅव्हर्न आणि त्याला लागून असलेले दगडी गेट्स हाउस. साराटोगाच्या लढाईत इंग्रजांना हरवणारा अमेरिकी जनरल होरेशिओ गेट्स यॉर्कमध्ये असताना या घरात राहत असे. वॉशिंग्टनच्या जागी गेट्सला सरसेनापती करावे असा सूर काही मंडळींत होता, त्या दिवसांत गेट्सच्या घरच्या मेजवानीत अमेरिकी सैन्यातील तरुण फ्रेंच अधिकारी लाफाएतने वॉशिंग्टनच्या नावाने पेला उंचावून सर्वांना अवघडून टाकले, असे त्याने स्वतःच आपल्या आठवणींत नमूद केले आहे. मुलांना हा प्रसंग फार आवडतो, असा माझा अनुभव आहे.

काँग्रेस यॉर्कलाच का आली, हे कळल्याशिवाय फलक कळत नाही, आणि ते कळण्यासाठी नदी पाहिली पाहिजे. ११ सप्टेंबर १७७७ रोजी ब्रँडीवाइनच्या लढाईत वॉशिंग्टनचा पराभव झाला, फिलाडेल्फियाचा मार्ग मोकळा झाला आणि २६ सप्टेंबरला इंग्रज सैन्य त्या शहरात शिरले. त्याआधीच प्रतिनिधी शहर सोडून निघाले होते. २७ सप्टेंबरला त्यांनी लँकेस्टर येथे एक दिवस सभा घेतली, परंतु तेवढे अंतर पुरेसे सुरक्षित वाटेना, म्हणून राइट्स फेरी येथे सस्क्वेहाना ओलांडून ते या तीरावर आले. तेथे नदीचे पात्र सुमारे मैलभर रुंद आहे. त्या काळी पूल नव्हता, होड्यांनीच पलीकडे जावे लागे. शत्रूला हे पात्र सैन्यासह ओलांडणे सोपे नव्हते, आणि यॉर्कच्या निवडीचे खरे कारण हेच होते. आपल्या पुढच्या सहलीत मुलांना कोलंबिया आणि राइट्सव्हिल या गावांमधील पुलावरून अवश्य न्यावे. पुलाच्या मध्यावर गाडीतून नुसते दोन्हीकडे पाहिले तरी हा निर्णय त्यांना समजेल.

एक सावधगिरीची सूचना. त्या काळच्या कागदपत्रांत या गावाचे नाव ‘यॉर्कटाउन’ असेही येते. काँग्रेसचा छापखाना येथे आल्यावर ११ एप्रिल १७७८ ही तारीख असलेल्या ज्या काँटिनेंटल नोटा, म्हणजे काँग्रेसच्या चलनी नोटा, छापल्या गेल्या, त्यांवरही यॉर्कटाउन हेच नाव आहे. परंतु ऑक्टोबर १७८१ मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने जेथे शरणागती पत्करली ते यॉर्कटाउन व्हर्जिनियात आहे. मराठी लेखनात या दोन गावांची सरमिसळ झालेली मी एकाहून अधिक वेळा वाचली आहे.

दप्तरदार

कोनशिला यांनी विचारलेले उरलेले दोन प्रश्न मला अधिक महत्त्वाचे वाटतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘पहिली राजधानी’ या दाव्यामागचे तर्कशास्त्र असे आहे की राज्यांना एकत्र बांधणारा पहिला लेखी करार, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन म्हणजेच राज्यसंघाची कलमे, काँग्रेसने १५ नोव्हेंबर १७७७ रोजी यॉर्क येथे मंजूर केला. त्याच्या पहिल्याच कलमात या संघाचे नाव ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ असे दिले आहे. आणि म्हणून ज्या गावी हे घडले ती त्या राष्ट्राची पहिली राजधानी होय. पहिले विधान पूर्णपणे खरे आहे, दुसरेही खरे आहे, परंतु त्यांतून तिसरे निघत नाही. स्वातंत्र्याचा ठराव आणि जाहीरनामा १७७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियात झाला. त्याच वर्षी ९ सप्टेंबर रोजी काँग्रेसने ‘युनायटेड कॉलनीज’ऐवजी ‘युनायटेड स्टेट्स’ हे नाव वापरण्याचा ठराव केला, तोही फिलाडेल्फियातच. शिवाय यॉर्कच्या आधी, डिसेंबर १७७६ ते फेब्रुवारी १७७७ या काळात, काँग्रेस बाल्टिमोर येथे हेन्री फाइट यांच्या घरात भरली होती. शिवाय यॉर्कला मंजूर झालेली कलमे त्या दिवशी लागू झाली नाहीत. ती राज्यांकडे संमतीसाठी गेली, आणि व्हर्जिनियासारख्या राज्यांनी पश्चिमेकडील अफाट जमिनींवरचा हक्क सोडल्याशिवाय सही करणार नाही असे मेरीलँडने धरून ठेवल्याने ती १ मार्च १७८१ रोजी अमलात आली. तोवर काँग्रेस फिलाडेल्फियाला परतून अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

मुळात त्या काळात ‘राजधानी’ म्हणून कायद्याने ठरवलेली जागाच नव्हती. काँग्रेस जेथे बसेल तेथे तिचे दप्तर, तिचे सचिव चार्ल्स थॉमसन आणि तिचे काम. पगार थकलेल्या सैनिकांनी जून १७८३ मध्ये फिलाडेल्फियात वेढा घातल्यासारखी स्थिती आणली, तेव्हा ती प्रिन्स्टनच्या नॅसॉ हॉलमध्ये गेली. तेथून ॲनापोलिस, पुढे ट्रेंटन, आणि १७८५ पासून न्यूयॉर्क. यांतील प्रत्येक गावी कोठे ना कोठे फलक आहे आणि प्रत्येक गावाला आपल्या वाट्याच्या त्या काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा अभिमान आहे, तो रास्तही आहे. म्हणून माझे मत असे की मुलांच्या टिपणात ‘पहिली’ हे विशेषण घेऊ नये. यॉर्कचे नऊ महिने त्या विशेषणावाचून लहान होत नाहीत. साराटोगाला इंग्रज सेनापती बर्गॉइन शरण आल्याची वार्ता याच सभागृहात पोचली. १ नोव्हेंबरला तिथूनच कृतज्ञता दिवसाचे जाहीर आवाहन निघाले. २ मे १७७८ रोजी फ्रान्सशी झालेल्या तहाची कागदपत्रे येथे आली आणि अवघ्या दोन दिवसांत, ४ मे रोजी, त्यांना मान्यता देण्यात आली. फ्रान्सच्या आरमाराशिवाय युद्धाचा शेवट तसा झाला नसता. एवढे सांगितल्यावर ‘पहिली राजधानी’ म्हणण्याची गरज कोणाला वाटेल?

आता ‘संसद’ या शब्दाविषयी. मी तो वापरणार नाही. आपल्या मनात संसद म्हटले की लोकांनी निवडलेले सभासद, कर लावण्याचा अधिकार आणि सभागृहाला जबाबदार मंत्रिमंडळ असे चित्र उभे राहते. या सभेतील प्रतिनिधींना राज्यांनी नेमून पाठवलेले असे. मत प्रतिनिधीचे नव्हे, राज्याचे होते. मोठ्या व्हर्जिनियाचे एक मत आणि चिमुकल्या डेलावेअरचेही एकच. यॉर्कमधील ऑक्टोबर १७७७ च्या चर्चेत लोकसंख्येच्या प्रमाणात मते द्यावीत ही सूचना पुन्हा आली आणि पुन्हा फेटाळली गेली. काँग्रेसला कर बसवता येत नव्हता, ती राज्यांकडे रकमेची मागणी करी आणि राज्ये देतील तेवढ्यावर सैन्य चालवी. वेगळे कार्यकारी मंडळ नसल्यामुळे युद्धखात्याचे काम, परराष्ट्र व्यवहार आणि हिशेब तपासणे हे सर्व तिच्याच समित्या करीत. तिचा अध्यक्ष हा सभेचा अध्यक्ष होता, राष्ट्राध्यक्ष नव्हे: यॉर्कमध्ये आधी जॉन हँकॉक आणि १ नोव्हेंबरपासून हेन्री लॉरेन्स. राष्ट्रीय स्वरूपाचे कायदेमंडळ या अर्थाने ती आरंभीची पायरी आहे, यात शंका नाही, परंतु मराठीत तिला ‘राज्यांच्या प्रतिनिधींची सभा’ म्हणून कंसाविना ‘काँटिनेंटल काँग्रेस’ हेच नाव पुढे ठेवावे, हे मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

जुने सचिवालय

दप्तरदार यांचे विवेचन वाचताना मला आमच्या दिल्लीतील एका इमारतीची आठवण झाली, आणि मुलांना तुलना देण्यासाठी ती उपयोगी पडेल असे वाटते.

आज जेथे दिल्लीची विधानसभा भरते ते जुने सचिवालय १९१२ साली बांधले गेले. नवी दिल्लीतील गोल इमारत, म्हणजे आजचे संविधान सदन, जानेवारी १९२७ मध्ये खुली होईपर्यंत देशाचे मध्यवर्ती कायदेमंडळ दिल्लीत असे तेव्हा येथेच बसे. रौलट विधेयकावरील १९१९ ची चर्चा येथे झाली. आपण आयुष्यात एकदाच कायदेमंडळाचे कामकाज पाहिले आणि ते या विधेयकाच्या वेळी, असे गांधीजींनी लिहून ठेवले आहे. उन्हाळ्यापावसाळ्यात मात्र हेच कायदेमंडळ शिमल्याला जाई, आणि मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले विठ्ठलभाई पटेल ऑगस्ट १९२५ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले ते शिमल्याच्या अधिवेशनात. तेव्हा त्यांची स्मृती जपण्याचा हक्क कोणत्या शहराचा, असे विचारले तर दोघांचाही, असेच उत्तर द्यावे लागते. सभा फिरती असली की स्मृतीही फिरती राहते.

‘संसद’ शब्दाबाबत एक जोड. आपल्या संविधान सभेनेही घटना लिहिणे आणि रोजचे कायदे करणे ही दोन्ही कामे काही काळ केली, परंतु ती वेगवेगळ्या बैठकांत. घटनेच्या बैठकींचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद होते, तर कायदे करण्यासाठी तीच सभा बसे तेव्हा नोव्हेंबर १९४७ पासून अध्यक्षस्थानी ग. वा. मावळणकर असत, ज्यांचे घराणे मूळचे कोकणातले. यॉर्कच्या सभेने राज्यसंघाची कलमे आणि सैन्याच्या पुरवठ्याचे ठराव एकाच बैठकीत हाताळले. मुलांना हा फरक सांगितला तर ‘काँग्रेस’ हा शब्द त्यांना आपल्याकडच्या पक्षाचे नाव वाटणार नाही, हाही एक लाभ आहे.

पायरी

मला एका गोष्टीशी असहमती नोंदवायची आहे. नदीपलीकडे यांनी प्रतिकृतीचे छायाचित्र ‘प्रतिकृती’ असे लिहून वापरावे, असे सुचवले आहे. माझ्या मते ते टिपणात घेऊच नये. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर फेडरल हॉलसमोर वॉशिंग्टनचा पुतळा आहे आणि पाहणारे बहुतेक सर्व जण असे समजतात की मागच्या खांबांच्या इमारतीतच ३० एप्रिल १७८९ रोजी त्याने राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. ती जुनी इमारत १८१२ साली पाडली गेली आणि आजची इमारत १८४२ साली जकात कचेरी म्हणून पूर्ण झाली. तेथे तर जागा तरी तीच आहे. यॉर्कमध्ये जागाही वेगळी आहे. लहान मुले ओळ वाचत नाहीत, चित्र लक्षात ठेवतात. इमारत गेली असेल तर मोकळा चौकच दाखवावा.

नदीपलीकडे

पायरी यांची भीती मी समजू शकते, तरीही प्रतिकृती वगळू नये असे मला मनापासून वाटते. मोकळ्या चौकात उभे राहून मुलांना तेरा राज्यांची सभा डोळ्यांसमोर आणता येत नाही. तेथे गाड्या, दुकाने आणि पदपथ दिसतात. प्रतिकृतीच्या दालनात गेले की ती खोली किती लहान होती हे कळते. एका परगण्याच्या न्यायालयाचे ते दालन. त्यात न्यायाधीशाच्या जागी सभेचा अध्यक्ष, खाली टेबलांशी प्रतिनिधी, बाहेर कडाक्याची थंडी, आणि गाव असे की रस्त्यावर इंग्रजीपेक्षा जर्मन अधिक ऐकू यावी. प्रतिनिधी लोकांच्या घरी भाड्याने राहत होते. न्यूयॉर्कचे फिलिप लिव्हिंग्स्टन, जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, काँग्रेसच्या कामासाठी आले असताना १२ जून १७७८ रोजी येथेच वारले आणि सभा फिलाडेल्फियाला परतली तरी ते परतले नाहीत. त्यांची समाधी शहराच्या प्रॉस्पेक्ट हिल दफनभूमीत आहे. कोनशिला यांच्या टिपणात अस्सल काही हवे असेल, तर ती समाधी आहे.

फलकांविषयी आणखी एक. राज्याच्या इतिहास आयोगाचे निळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचे फलक १९४६ पासून रस्त्याकडेला उभे करण्यात येऊ लागले, आणि ते वाहनातून दिसावेत अशा बेताने खांबावर बसवलेले असतात. त्यामुळे फलकाचा खांब आणि घटनेची नेमकी जागा एकच असेल असे गृहीत धरू नये. त्याआधीच्या काळातील कांस्यपट्ट भिंतींवर किंवा शिळांवर असतात आणि ते बहुधा एखाद्या देशभक्त संघटनेने लावलेले असतात. फलक कोणी लावला हे तळाच्या ओळीत लिहिलेले असते. मुलांना आधी ती ओळ वाचायला सांगावी, मग वरचा मजकूर.

कोनशिला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या उत्तरांनंतर मी टिपणातील ओळी पुन्हा लिहिल्या आहेत, त्या येथे देतो. चूक आढळल्यास कृपया सांगावे.

चौकाच्या छायाचित्राखाली: ‘काँटिनेंटल काँग्रेस, म्हणजे तेरा राज्यांच्या प्रतिनिधींची सभा, ३० सप्टेंबर १७७७ ते २७ जून १७७८ या काळात या चौकाच्या मध्यभागी असलेल्या न्यायालयात भरत असे. ते न्यायालय १८४१ साली पाडले गेले.’

प्रतिकृतीच्या छायाचित्राखाली: ‘त्या न्यायालयाची प्रतिकृती, उभारणी १९७६. मूळ जागा येथून थोड्या अंतरावर, चौकात आहे.’

‘पहिली राजधानी’ हे शब्द मी काढून टाकले आणि त्या जागी असे लिहिले: ‘राज्यांना एकत्र बांधणारी कलमे काँग्रेसने १५ नोव्हेंबर १७७७ रोजी या गावी मंजूर केली. सर्व राज्यांची संमती मिळून ती लागू होण्यास १ मार्च १७८१ हा दिवस उजाडावा लागला.’ पायरी यांचा मुद्दा मनात ठेवून चौकाचे छायाचित्र मोठे आणि प्रतिकृतीचे लहान छापणार आहे.

लिव्हिंग्स्टन यांची समाधी आम्ही पाहिली नव्हती. पुढील महिन्यात मुलांना घेऊन पुन्हा जायचे ठरले आहे. आधी राइट्सव्हिलचा पूल, मग चौक, मग दफनभूमी, असा क्रम ठेवला आहे.

नदीपलीकडे

ओळी अचूक आहेत. पुलावरून पश्चिमेकडे, म्हणजे कोलंबियाहून राइट्सव्हिलकडे जावे. प्रतिनिधी त्याच दिशेने आले होते. शक्य असल्यास सकाळी निघावे, म्हणजे ऊन पाठीशी राहील आणि समोरचा तीर मुलांना स्पष्ट दिसेल.